जुनी ओम्नी कॅम्पर घरीच हातानं रंगवायची आहे? रंगवा, पण मे महिन्यात नको, अन् डबा आणायच्या आधी गटर पाहा

भाऊ, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो. 2008 ची ओम्नी आहे, मागच्या सीटा काढून आत पलंग अन् छोटा ओटा केला, छतावर कॅरियर आहे अन् हवेसाठी पत्रा कापून एक झरोका बसवला. आता पांढऱ्या रंगाची भुकटी हाताला लागते, दाराखाली अन् छताच्या कडेला गंज दिसून राहिला, पूर्ण गाडीच्या पेंटिंगचा खर्च परवडत नाही, म्हणून नागपूरला मानेवाड्याच्या घरच्या अंगणात मे महिन्याच्या सुट्टीत ब्रश अन् रोलरनं स्वतःच रंगवायचा विचार आहे. रंग कोणता घ्यावा, किती हात मारावे, गाडी हलकी तर दिसणार नाही ना, अन् रंग बदलला तर आरटीओचं काय.

हातानं रंगवता येते, आणि कॅम्परसाठी तर मी म्हणतो हातानं मारलेला रंगच बरा. माझं सगळं काम गाड्यांच्या रंगाचंच, ट्रक, बस, टेम्पो, छोट्या गाड्या, स्प्रेनं पण अन् ब्रशनं पण. लोकांच्या डोक्यात बसलं आहे की ब्रश लावला म्हणजे काम हलकं. वाडीला अमरावती रोडवर जाऊन ट्रकच्या नव्या बॉडी पाहून या, साधा इनॅमल म्हणजे आपला ऑइलपेंट, साधा ब्रश, अन् केबिनच्या दारावर आपला चेहरा दिसते. तुमची गाडी ताडोबा, पेंच, नवेगावकडे जाणार, कच्च्या रस्त्यावर बाभळीच्या फांद्या घासणार, गिट्टी उडणार. स्प्रेचा चकचकीत पीयू (पॉलीयुरेथेन) रंग असला की एका ओरखड्यासाठी परत गॅरेज, परत शेड मॅचिंग. हातानं मारलेला इनॅमल असला की घरच्या घरी तासाभरात तेवढा तुकडा घोटून हात मारता येते. वापरायच्या गाडीला असा रंग द्यावा जो आपल्याला दुरुस्त करता येईल, माझं मत तर पक्कं हेच आहे.

आता मे महिना काऊन नको ते सांगतो. नागपूरची गरमी तुम्हाला काय सांगायची, 23 मे 2013 ला इथं 47.9 डिग्री नोंदलं गेलं आहे, अन् ते सावलीतल्या हवेचं माप. उन्हात उभ्या गाडीच्या छताला तर दुपारी हात टेकवता येत नाही. इनॅमल मारल्यावर त्याला थोडा वेळ लागते स्वतःहून पसरायला, ब्रशच्या रेघा त्या वेळात बुजतात. तापलेल्या पत्र्यावर टर्पेंटाईन लगेच उडून जाते, रंग जागच्या जागी ओढल्यासारखा होते, ब्रश अडकते, रेघा तशाच राहतात. वरून साय धरते अन् खाली रंग ओलाच, मग आतलं टर्पेंटाईन बाहेर निघताना बारीक फोड येतात. त्यात दुपारची लू, धूळ, अन् अंगणावर बांधलेली ती हिरवी नेट, जिच्यावर वर्षभराची माती बसलेली असते अन् हवेच्या एका झोतात ती सगळी ओल्या रंगावर. नवतपात, म्हणजे मेच्या शेवटच्या त्या सगळ्यात तापत्या नऊ दिवसांत, तर नावच काढू नका. जून अर्ध्यावर आला की पाऊस सुरू, मग हवेतच ओल.

रंगाचे दिवस म्हणजे दिवाळी झाल्यापासून फेब्रुवारीच्या शेवटापर्यंत. त्यातही घड्याळ पाहून काम करायचं. डिसेंबर-जानेवारीत सकाळी पत्र्यावर दव असते, डोळ्यानं दिसलं नाही तरी असते, कोरडा मलमलचा कपडा फिरवा म्हणजे कळते. दहाच्या आसपास पत्रा सुकला अन् थोडा कोमट झाला की सुरू करा, दोन वाजेपर्यंत ब्रश खाली ठेवा. त्यानंतर मारलेला रंग संध्याकाळच्या थंडीत ओला सापडते, दव पडले की चमक जाते, वरून एक मंद पांढरट झाक राहते. अन् अंगणातला लाईट लागला की पांढऱ्या रंगावर चिलटं बसतात ती वेगळीच. गाडी कडुलिंबाखाली उभी करत असाल तर ते आठ-दहा दिवस दुसरीकडे जागा पाहा, झाडावरून काही ना काही पडतच राहते. तुमचं घर कोराडी-खापरखेड्याच्या बाजूला असतं तर तिथल्या वीजकेंद्रांच्या राखेचंही सांगितलं असतं, मानेवाड्याला तेवढा त्रास नाही.

पण मेची सुट्टी फुकट घालवू नका, तिच्यात गंजाचं काम करा. हे काम गरमीत उलट चांगलं होते, कारण पत्र्याच्या जोडांमधलं पाणी पूर्ण वाळलेलं असते. सकाळी सहा ते नऊ काम करायचं, मग बंद.

ओम्नीला गंज कुठून लागते ते ठरलेलं आहे. छताच्या दोन्ही कडेनं जे पन्हाळ आहे, ज्याला आपण गटर म्हणतो, तिथं दोन पत्रे एकावर एक येतात अन् मधे सीलंट भरलेलं असते. पंधरा-सतरा वर्षात ते सीलंट कडक होऊन तडकते, पाणी आत जाते अन् बाहेरून फक्त एक तपकिरी रेघ दिसते. एक बारीक स्क्रू-ड्रायव्हर घ्या अन् त्या रेघेवरून दाबत दाबत या. जिथं टक टक आवाज येते तिथं पत्रा जिवंत आहे. जिथं टोक आत रुततं अन् लालसर चुरा गळते तिथं पत्रा संपला, रंगाचा बुडबुडा तेवढा उरला. दुसरी जागा म्हणजे पुढच्या काचेचे खालचे दोन कोपरे, काचेच्या रबराखाली पाणी साचून राहते, रबर थोडं उचलून पाहा. तिसरी, सरकत्या दाराची खालची कड. दाराच्या तळाला पाणी निघायला बारीक भोकं असतात, ती मातीनं बुजली की दार आतून भरते अन् खालून सडते. तारेनं ती भोकं मोकळी करा. मग चाकांवरच्या कमानी, बॅटरीची जागा, अन् तुमच्या पलंगाखालचा फ्लोअर, तिथं प्लायवूडखाली ओल दबून राहते अन् कोणी पाहत नाही.

तुमच्या गाडीला आणखी दोन जागा तुम्हीच तयार केल्या, कॅरियरची भोकं अन् झरोक्याचा काप. कापलेल्या पत्र्याच्या कडेला प्रायमर लावला होता का? बहुतेक लोक लावत नाहीत, सरळ सिलिकॉन भरतात. झरोका पूर्ण खोलून कड घासून प्रायमर लावल्याशिवाय वरून कितीही सुंदर रंग मारा, दोन पावसाळ्यात तिथून फुगणारच.

पत्र्याला भोक असलं तर तो तुकडा कापून नवा पत्रा वेल्डिंग करून बसवायचा, यात तडजोड नाही. फायबरची जाळी अन् पुट्टी भरून वरून रंग मारून देणारे भेटतात, दिसायला एक वर्ष छान दिसते, पण पुट्टीमागचा पत्रा सडतच राहते अन् एक दिवस पूर्ण तुकडा हातात येते. वेल्डिंगला गाडी न्याल तर आधी बॅटरीची तार काढा, आतला पलंग, फोम, पडदे, प्लाय सगळं बाहेर काढा, अन् गाडीला एलपीजी किट असली किंवा आत स्वयंपाकाचं छोटं सिलेंडर ठेवत असाल तर ते आधी उतरवून घ्या, किट जाणकाराकडूनच काढून घ्या. ही गोष्ट मी प्रत्येकाला सांगतो अन् प्रत्येक वेळी ठासून सांगतो. ओम्नीच्या आत आग लागली तर विझवायला वेळच राहत नाही.

भोक नसलेल्या गंजाला 80 नंबरचा पॉलिश पेपर नाहीतर तारेचा ब्रश, चकाकता पत्रा दिसेपर्यंत. बारीक खड्ड्यात काळे ठिपके उरतात, तिथं फॉस्फोरिक अ‍ॅसिडवालं रस्ट कन्व्हर्टर लावा, डब्यावर लिहिलं तेवढा वेळ ठेवा, मग साफ करा. उघडा पत्रा रात्रभर ठेवायचा नाही, त्याच दिवशी प्रायमर. माझी पसंती दोन डब्यांच्या इपॉक्सी प्रायमरला, कारण त्यातून पाणी जवळपास जात नाही. आपला नेहमीचा रेड ऑक्साइड स्वस्त आहे, वाईट नाही, पण तो ओल शोषते, त्यावर रंग न मारता गाडी बाहेर ठेवली तर खालून परत गंज सुरू. गटरच्या जोडात पीयू सीलंट भरा, बोटानं दाबून सपाट करा, त्यावर रंग बसते. सिलिकॉनवर बसत नाही.

अन् सिलिकॉनचं खरंच लक्षात घ्या, हातानं रंगवणाऱ्यांचं सगळ्यात जास्त काम यानंच बिघडते. झरोक्याभोवती सिलिकॉन आहे, डॅशबोर्ड अन् टायर चमकवायच्या स्प्रेतही असते. त्याचा नुसता हात लागलेला भाग असला तरी रंग तिथून पळते, गोल गोल डोळे पडतात अन् मधे खालचा थर दिसते. घोटून ते जात नाही, उलट पेपरला लागून सगळीकडे पसरते. म्हणून क्रम असा ठेवा, आधी सिलिकॉन ब्लेडनं खरवडून काढायचं, मग भांड्याच्या साबणानं गाडी धुवायची, वाळू द्यायची, मग वॅक्स-ग्रीस रिमूव्हरनं एका कपड्यानं पुसायचं अन् लगेच दुसऱ्या कोरड्या कपड्यानं उचलून घ्यायचं. हे सगळं झाल्यावरच पेपर हातात घ्यायचा. रंग होईपर्यंत ते स्प्रे अंगणात आणूच नका.

गंजाच्या जागांना प्रायमरवर इनॅमलचा एक हात मारून ठेवा, सकाळी लवकर, तुकड्यापुरता. दिसायला गाडी ठिगळ लावलेली दिसेल, दिसू द्या. मग पावसाळा तिच्यावरून जाऊ द्या. जुलैच्या झडीत आत बसून टॉर्च मारून पाहा, गटर गळते का, झरोका गळते का, काचेच्या कोपऱ्यातून ओल येते का. जे गळेल ते सप्टेंबरात परत भरा. पूर्ण रंग नोव्हेंबरात. पाच-सहा महिने थांबायला जिवावर येते मला माहीत आहे, पण पाण्यानं तपासलेलं गटर अन् न तपासलेलं गटर यात फार फरक आहे.

आता रंग कोणता. आधी सध्याचा रंग काय आहे ते ओळखा, कारण सतरा वर्षात गाडी कुठं ना कुठं परत मारलेली असते. पांढऱ्या कपड्याला एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर लावून कोपऱ्यात अर्धा मिनिट धरून ठेवा. रंग विरघळून कपड्यावर आला तर तो एनसी, म्हणजे ज्याला आपल्याकडे सगळे ड्युको म्हणतात. फुगून सुरकुतला तर तो इनॅमल. काहीच झालं नाही तर कंपनीचा भट्टीत पकवलेला नाहीतर दोन डब्यांचा पीयू. नीट घोटला तर इनॅमल या तिन्हीवर बसते. उलटं मात्र चालत नाही, इनॅमलवर एनसी मारला की एनसीचं थिनर खालचा रंग उचलून घेते अन् पूर्ण पॅनल सुरकुतते. म्हणून घरात उरलेला ड्युको वापरून टाकू असं करू नका, अन् ड्युको ब्रशनं मारायचा रंगही नाही, फार लवकर वाळते.

पीयूबद्दल तुम्ही विचारलं नाही पण दुकानदार सुचवेलच, टिकते जास्त, चमक जास्त, खोटं नाही. पण त्याच्या हार्डनरमधे आयसोसायनेट असते. ते श्वासातून गेलं तर काही लोकांना कायमचा दमा लागते, एकदा शरीर बिथरलं की पुढे थोड्याशा वासानंही त्रास होते. स्प्रेत सगळ्यात धोका, ब्रशनं कमी, पण घरच्या अंगणात, शेजारी लेकरं खेळत असताना मी कोणाला ते वापरा म्हणणार नाही. चांगल्या कंपनीचा बाहेरच्या कामाचा सिंथेटिक इनॅमल घ्या, एशियन पेंट्स, बर्जर, नेरोलॅक, जो ताजा भेटेल तो. डब्यावरची तारीख पाहा. इतवारीत हार्डवेअरच्या दुकानांमधे खप जास्त, तिथं डबे पडून राहत नाहीत, गल्लीतल्या दुकानात कधी कधी जुना माल असते. इनॅमलचा दोष पण सांगतो, आपल्या उन्हात काही वर्षांनी चमक उतरते, छतावर आधी. मग 400 नंबरच्या पेपरनं घोटून एक हात मारायचा, एवढंच.

किती लागेल? ओम्नी साधारण 3.37 मीटर लांब, 1.41 रुंद, 1.64 उंच. काचा सोडल्या तर बाहेरून रंगवायचं क्षेत्र मोटामोटी 12 ते 14 चौरस मीटर. एका लिटरमधे सपाट पत्र्यावर एक हात 10-12 चौरस मीटर जाते, म्हणजे तीन पातळ हातांना चार लिटर धरा, दारांच्या आतल्या कडा पकडून पाच. सगळा रंग एकाच वेळी, एकाच बॅचचा घ्या, पांढऱ्यातही डब्याडब्यात फरक पडते.

घोटायच्या आधी एक सांगतो. भारतात घरगुती अन् सजावटीच्या रंगात शिसं 90 पीपीएमच्या खाली ठेवायचा नियम 2016 चा, अन् नोव्हेंबर 2017 पासून लागू. जुन्या गाडीवर मधल्या काळात काय मारलं असेल सांगता येत नाही, पिवळा, नारंगी, लाल पट्टा असला तर त्यात शिसं असायची शक्यता जास्त. म्हणून जुना रंग कोरडा घोटायचा नाही, वॉटर पेपर अन् पाणी, तोंडावर चांगला एन-95 मास्क, लेकरं अन् गरोदर बाई जवळ नको, खालचा चिखल झाडांच्या आळ्यात जाऊ द्यायचा नाही, कपड्यानं गोळा करून वेगळा बांधून टाकायचा. पुट्टी मात्र उलट, ती कोरडीच घोटायची, कारण पॉलिएस्टर पुट्टी पाणी पिते अन् ते पाणी नंतर रंगाखालून फोड काढते. मास्क तिथंही लावायचाच.

पुट्टी पातळ लावा, दोन-तीन मिलिमीटरच्या वर नाही, खोल पोचा असेल तर आधी डेंटरकडून पत्रा बाहेर ओढून घ्या. हार्डनर शंभराला दोन भाग, गरमीत त्याहून थोडं कमी, नाहीतर पत्ती फिरवेपर्यंत दगड. एका वेळी लिंबाएवढीच कालवा. मग 120 नं आकार, 220 नं रेघा काढा, डोळे मिटून तळहात फिरवा, जे डोळ्याला दिसत नाही ते हाताला लागते. त्यावर प्रायमरचा हात, तो वाळला की 320, शेवटी पूर्ण गाडी 400 च्या वॉटर पेपरनं, पाण्यात साबणाचे चार थेंब टाकून. चमक पूर्ण गेली पाहिजे, कुठंही ओली नसताना चमकणारा ठिपका दिसला तर तिथं रंग धरणार नाही, पुढे तिथूनच खपली निघेल. दाराच्या हँडलमागे, गटरच्या आत, पट्टीच्या कडेला लोक हमखास सोडतात. हँडल, वायपर, लाईट खोलता येत असतील तर खोला. नंबरप्लेट एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटीवाली असली तर खोलू नका, तिचं लॉक एकदा तुटलं की परत बसत नाही, टेप लावून झाका.

रंगाच्या दिवशी अंगणात पाणी शिंपडून माती बसवा, अर्धा तास थांबा, स्वतःचे कपडे पण झटकून घ्या, लोकरीचा स्वेटर नको, त्याचे केस रंगात येतात. रंग ढवळून जुन्या नायलॉनच्या सॉक्समधून गाळून घ्या, नवा डबा असला तरी. टर्पेंटाईन पाच ते दहा टक्के, एवढंच की ब्रश ओढताना जड वाटू नये. रोलर चार इंची, बारीक छिद्राचा कडक फोमचा, आधी थोडा रंगात बुडवून पत्र्याच्या तुकड्यावर फिरवून पाहा, काही फोम टर्पेंटाईननं फुगून चुरा सोडतात. ब्रश दोन-अडीच इंची मऊ केसांचा, अन् नवा ब्रश हातावर झटकून सुटे केस आधी काढून टाका.

पद्धत अशी. रोलरनं एक फूट-दीड फूट रुंदीचा पट्टा वरपासून खालपर्यंत मारायचा, रंग फक्त पसरवायचा, दाबायचा नाही. लगेच जवळपास कोरडा ब्रश, अगदी टोकानं, वजन न देता, वरून खाली एकदाच ओढायचा, त्यानं रोलरचे बुडबुडे फुटतात. मागची कड वाळायच्या आत पुढचा पट्टा जोडायचा. दोघं असले तर फार सोपं, एक रोलर, एक ब्रश. मागे वळून दुरुस्ती करायचा मोह होते, करायची नाही. पाच मिनिटांपूर्वीच्या रंगात परत ब्रश घातला की तिथं ओरबाडल्यासारखं दिसते. केस पडला, माशी बसली, ओघळ आला, राहू द्या, वाळल्यावर 400 नं निघते. आधी छत, दोन्ही बाजूंनी स्टूलवर उभं राहून अर्धं-अर्धं, मग एक बाजू, मग मागचं दार, मग दुसरी बाजू, शेवटी समोरचं. ओम्नीच्या अंगावर ज्या दाबलेल्या रेघा अन् दारांच्या फटी आहेत तिथंच थांबायचं, सपाट पत्र्याच्या मधे कधीच नाही.

पहिला हात मारल्यावर मन खट्टू होते, खालचे डाग दिसतात, ठिकठिकाणी पातळ. तसाच दिसायला पाहिजे. एका हातात झाकायला गेलं की ओघळ येतात अन् जाड थर महिनाभर आतून मऊ राहते. रात्रभर वाळू द्या, थंडीत पूर्ण चोवीस तास धरा. पेपर फिरवल्यावर पांढरी पूड निघाली तर वाळला, पेपरला चिकटून गोळ्या झाल्या तर अजून एक दिवस. 400 नं हलकं घोटा, धुवा, वाळवा, दुसरा हात. परत तसंच, या वेळी 600, अन् तिसरा हात. टेप शेवटच्या हातानंतर रंग थोडा मऊ असतानाच तिरपी ओढून काढा, पूर्ण वाळल्यावर काढली तर कड उचकटते.

टर्पेंटाईन अन् इनॅमलचे कपडे गोळा करून कोपऱ्यात टाकायचे नाहीत. इनॅमलमधलं तेल वाळताना गरम होते, ढिगात ती गरमी निघत नाही अन् कपडे स्वतःहून पेटू शकतात, आपल्या इकडच्या हवेत तर नक्कीच काळजी घ्या. दोरीवर एकेक पसरून वाळवा नाहीतर पाण्याच्या डब्यात टाका.

रंग झाल्यावर दारांच्या रबराला टाल्कम पावडर लावा अन् दोन रात्री दारं पूर्ण दाबून लावू नका, नाहीतर रबर रंगाला चिकटून सोबत घेऊन येते. आठवडाभर धुणं नाही, वरून ताडपत्री-कव्हर नाही, महिनाभर वॅक्स-पॉलिश नाही. कॅरियर पण लगेच कसू नका, अन् कसताना पायाखाली रबर द्या.

रंगाची निवड तुमची, पण छत पांढरंच ठेवा असं सांगेन. नागपूरच्या उन्हात गडद छताखाली झोपणं अवघड आहे. अन् कॅम्परवाल्यांना आवडते तो मिलिटरी हिरवा मारू नका, ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण खात्याच्या गाड्यांशिवाय कोणाला चालत नाही, केंद्रीय मोटार वाहन नियमात 121 नंबरला लिहिलेलं आहे. आहे तोच पांढरा परत मारला तर आरटीओला काही सांगायची गरज नाही. रंग बदलायचा असला तर आधी अर्ज, मग आरसीवर नोंद, इन्शुरन्सवाल्यांना पण कळवायचं. तुमची गाडी एमएच 31 ची असो की 49 की 40 ची, जिथं नोंद आहे त्याच ऑफिसात. पण खरं सांगू, मला तुमच्या रंगापेक्षा कापलेल्या छताची अन् काढलेल्या सीटांची काळजी जास्त वाटते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मधे गाडीत केलेले बदल येतात, आरसीवर सीटांचा आकडा लिहिलेला असते. 2008 ची गाडी म्हणजे 15 वर्षांनंतरचं रिपासिंग एकदा झालं असेल, पुढचं पाच वर्षांनी परत येईल, तेव्हा तपासणीत हे निघेल. त्याची चौकशी रंगाआधी करून घ्या, म्हणजे झरोका ठेवायचा की बंद करायचा ते ठरेल. बंद करायचा झाला तर ते वेल्डिंगचं काम आहे, अन् ते मेमधेच करावं लागेल.

सध्या एवढं करा, या रविवारी सकाळी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन दोन्ही गटर अन् काचेचे खालचे कोपरे तपासा, जिथं टोक रुतलं तिथं खडूनं गोल करा. गोल दहा-बाराच्या आत असले तर तुकड्या-तुकड्याचं वेल्डिंग होईल. पूर्ण गटरभर असले तर आधी एखाद्या चांगल्या डेंटरला गाडी दाखवा अन् गटरची पट्टीच बदलायचं बोला, रंगाचा डबा तोपर्यंत दुकानातच राहू द्या.